कृपया काढ

इनिड ब्लँचर्ड ग्रंथालयात आली
ती बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन.
आत पंचवीस वर्षं, रबराने बांधलेली.
“तुला टाइप करता येतं ना?” म्हणाली,
“माझी बोटं हॅडकचे काटे काढण्यात गेली.”

ग्रिम्सबीच्या गोदीत सदतीस हिवाळे
बर्फाच्या पाण्यात हात घालून उभी राहिलेली बाई.
मजुरी वजनावर.
मुकादमाचा अंगठा पारड्यावर कधी टेकतो
हे तिला पाठ फिरवूनही कळायचं.

तर कर्ज फिटलं त्या दिवसाचं.
क्लिफर्डने टाय लावला, बसने गेला,
शेवटचा हप्ता भरला.
काचेमागचा पोरगा म्हणाला,
अजून दोनशे पंचाण्णव पौंड.
कसले?
खातं बंद करण्याचे.

म्हणजे आत येताना घेतले होतेच:
मोजणीचे, वकिलाचे, शिक्क्याचे;
मग पंचवीस वर्षं दर महिन्याच्या एक तारखेला घेतले;
आता हात झटकून निघायचे
ते वेगळे.
मागे रांग होती. क्लिफर्डने भरले.
घरी आला आणि टाय न सोडताच
परसातल्या कोबीला पाणी घालत राहिला.

मूळ करारात, पान नऊवर,
मुंगीएवढ्या अक्षरांत:
खाते बंद करण्याचा खर्च पंचाण्णव पौंड.
मधल्या वर्षांत कुणीतरी कुठेतरी बसून
त्या पंचाण्णवच्या डावीकडे
एक दोन आणून ठेवला होता.
“अंगठा,” इनिड म्हणाली.

मी लिहिलं: कृपया आमचे दोनशे पौंड परत करावेत.
तिने चष्म्यावरून पाहिलं.
“कृपया काढ.
मी मागत नाहीये. परत मागतेय.”

तीन आठवड्यांनी उत्तर:
आमचे शुल्क वाजवी आहे.
खाली सही, तीही छापलेली.
दुसऱ्या पत्राला आम्ही पान नऊ जोडलं,
लोकपालाचा पत्ता माहीत असल्याचं कळवलं.
झेरॉक्सचे दहा पेन्स तिने मला मोजून दिले
आणि डब्याच्या झाकणात आतून लिहून ठेवले.

मग चेक आला. दोनशेचा.
तक्रार मान्य न करता, केवळ सद्भावनेपोटी.
तो शब्द तिने कालच्या मासळीसारखा
उलटून पालटून हुंगला.
मग वरची ओळ वाचली, आणि थांबली.

श्री. क्लिफर्ड व श्रीमती इनिड ब्लँचर्ड यांस.

क्लिफर्डला जाऊन दोन वर्षं झाली होती.
गॅसवाल्यांनी नाव काढलं, मतदारयादीने काढलं,
दवाखान्याने तर दुसऱ्याच आठवड्यात.
या एका ठिकाणी कळवायचं राहून गेलं होतं.
मी म्हटलं, परत पाठवू, दाखला जोडू,
एकट्या तुमच्या नावाचा मागू.
ती बोलली नाही.
चेक डब्यात घातला नाही, पर्समध्येही नाही.
हातात धरूनच बाहेर पडली,
समुद्राकडून वारा सुटलेला असताना.

चेक सहा महिने चालतो.
पाच महिने तो तिच्या किटलीमागे
भिंतीला टेकून उभा होता, असं शेजारीण सांगते;
वाफेने एक कोपरा वळला.
“रांगेत विचारायची लाज वाटली त्याला,”
इनिड तिला म्हणाली होती,
“आता त्यांनी नाव घेतलंय.
श्री. लावून.”

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी
ती पुन्हा माझ्या टेबलासमोर.
कोटाची सगळी बटणं लावलेली, डबा काखेत.
“दाखला आणलाय,” म्हणाली. “लिही.”
मी लिहिलं. क्लिफर्डच्या नावामागे कै. आलं,
श्री. गेलं.
तिने वाचलं, चष्मा काढला,
पुसला, घातला, पुन्हा वाचलं.

“आणि दोनशेवरचं व्याज?
ते कुठाय?
खाली लिही.
कृपया नको.”